जुना फझ की बुटीक फझ : इंदूरच्या हवेत तुलना नेमकी कशी करावी

दोन पेडल शेजारी ठेवायची, एकेक मिनिट वाजवायची आणि जे कानाला भरीव वाटले ते घ्यायचे. फझची, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या पेडलांची, तुलना बहुतेक वेळा अशीच होते आणि म्हणूनच चुकते. एकात ताजी बॅटरी, दुसऱ्यात महिनाभर वापरलेली. एक एसीच्या खोलीतले, दुसरे स्कूटरच्या डिकीतून नुकतेच आलेले. एक दुसऱ्यापेक्षा तीन डेसिबलने मोठे. अशा वेळी कान पेडलांची तुलना करत नाहीत. ते बॅटरीची, उन्हाची आणि आवाजाच्या पातळीची तुलना करतात.

या लेखात ‘जुने’ म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात बनलेले मूळ पेडल. ‘बुटीक’ म्हणजे छोट्या कारागिराने किंवा छोट्या कंपनीने हाताने जोडलेले, बहुधा त्याच जुन्या सर्किटवर आधारलेले नवे पेडल. पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. तिसरी आणि चौथी पायरी वगळली तर त्यानंतरच्या सगळ्या नोंदी वाया जातात.

## १. आधी घराणे ओळखा

एकाच घराण्यातली पेडलेच एकमेकांशी तोलता येतात. मुख्य घराणी अशी:

- माएस्ट्रो फझ-टोन (१९६२): तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर. आवाज कोरडा आणि चिरका.
- टोन बेंडर (१९६५ पासून): अनेक आवृत्त्या, बहुतेकींत तीन ट्रान्झिस्टर. मधल्या एका आवृत्तीत मात्र दोनच आहेत आणि ती फझ फेसच्या अगदी जवळची आहे. म्हणून नुसते ‘टोन बेंडर’ म्हणू नका, आवृत्तीही लिहा.
- फझ फेस (१९६६): दोन ट्रान्झिस्टर. सुरुवातीची पेडले जर्मेनियमची (एनकेटी २७५, एसी १२८), पुढची सिलिकॉनची (बीसी १०८, बीसी १८३ वगैरे).
- बिग मफ (१९६९): चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, डायोडने कापलेला सिग्नल आणि टोनचा नॉब. मधल्या स्वरपट्ट्यात खड्डा.

फझ फेसच्या बाबतीत जर्मेनियम की सिलिकॉन हे न विचारता केलेली तुलना निरर्थक आहे. १९६७ च्या जर्मेनियम पेडलासमोर सिलिकॉनचे बुटीक ठेवले आणि ‘नवे जास्त धारदार आहे’ असे लिहिले, तर तो फरक ट्रान्झिस्टरच्या पदार्थाचा झाला. पेडल किती जुने आहे किंवा कोणी बनवले आहे याचा त्यात काही संबंध नाही.

झेड.व्हेक्स फझ फॅक्टरीसारखी पाच नॉबची पेडले वेगळी ठेवा. त्यांच्या जोडीचे जुने पेडलच नाही, त्यामुळे त्यांना तोलायचे तर दुसऱ्या नव्या पेडलाशीच.

तपासा: दोन्ही पेडलांसाठी वहीत तीन गोष्टी लिहिल्या का? घराणे, ट्रान्झिस्टरची संख्या, जर्मेनियम की सिलिकॉन.

## २. सामान मांडून ठेवा

- साध्या पॅसिव्ह पिकअपची गिटार, चांगल्या चालणाऱ्या व्हॉल्यूम नॉबसह. बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप या कामाला चालत नाहीत, कारण पाचव्या पायरीत.
- दोन केबल, प्रत्येकी ३ मीटर. दोन्ही पेडलांना त्याच दोन.
- क्लीन चॅनलवर पुरेसा आवाज देणारा अ‍ॅम्प. अगदी छोट्या सरावाच्या अ‍ॅम्पवर प्रत्येक फझ माशी घोंगावल्यासारखा वाटतो. त्यावर निर्णय घेऊ नका.
- एकाच पाकिटातल्या ९ व्होल्टच्या चार चौकोनी बॅटऱ्या.
- साधा डिजिटल मल्टिमीटर. जेल रोडवर सहज मिळतो, महागडा लागत नाही.
- खोलीचा थर्मामीटर.
- फोनवर आवाजाची पातळी दाखवणारे अ‍ॅप, कागदी चिकटपट्टी, पेन, वही.
- एक मदतनीस. आठव्या पायरीला त्याच्यावाचून चालत नाही.

तारा दोन-तीन दिवस वाजवून बसलेल्या हव्यात. तुलनेच्या मध्ये तारा बदलू नका.

## ३. तापमान : इथे सर्वांत जास्त चुका होतात

जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून बंद अवस्थेतही थोडा प्रवाह झिरपत असतो. त्याला गळती म्हणतात. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की ही गळती अंदाजे दुप्पट होते. सिलिकॉनमध्ये ती इतकी कमी असते की फझच्या कामात तिचा विचार करावा लागत नाही.

हिशेब करून पाहू. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (त्याच्या तीन पायांपैकी एकाला) ३३ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. ९ व्होल्टवर त्यातून जेमतेम पाव मिलिअँपिअर प्रवाह जातो. समजा त्या ट्रान्झिस्टरची गळती २५ अंशांना ०.१ मिलिअँपिअर आहे. ३५ अंशांना ती ०.२ होईल. ४५ अंशांना ०.४, म्हणजे सर्किटला चालतो त्यापेक्षा जास्त प्रवाह नुसत्या गळतीतच! बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला कामाच्या जागी धरून ठेवणारा व्होल्टेजचा तोल, ढासळतो, स्वर मध्येच तुटतो, हळू वाजवलेला स्वर तर उमटतच नाही.

इंदुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४० च्या वर जातो आणि जानेवारीच्या रात्री १० च्या आसपास उतरतो. म्हणजे एकाच जर्मेनियम पेडलाची गळती वर्षभरात सुमारे आठपट बदलते. थंड देशातल्या कारागिराने २० अंशांच्या खोलीत जुळवलेले पेडल इथे मे महिन्यात ‘खराब’ ठरते आणि डिसेंबरात तेच सुरेख वाजते. यात कोणाची लबाडी नाही, हा जर्मेनियमचा स्वभाव आहे.

म्हणून:

1. खोली २२ ते २६ अंशांच्या दरम्यान ठेवा. हिवाळ्यात सकाळी अकराचा सुमार उत्तम. उन्हाळ्यात एसी लावा किंवा उशिरा रात्री बसा. मालव्याच्या रात्रीचा गारवा अशा कामी येतो.
2. दोन्ही पेडल त्या खोलीत किमान तासभर आधी ठेवा. लोखंडी किंवा ओतीव डबा आतून सावकाश निवतो.
3. सुरुवातीला आणि दर अर्ध्या तासाने तापमान वहीत लिहा.

सावध: पेडल लवकर थंड व्हावे म्हणून फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच आत दव धरते आणि पन्नास वर्षांच्या सर्किट बोर्डाला तेवढे पुरते. कूलरच्या समोरही नको. ओलावा एक आणि मोटरची गुणगुण दुसरी.

## ४. वीज : दोघांना सारखे व्होल्टेज

कार्बन-झिंक बॅटरीच हवी, अल्कलाइनने फझचा जीव जातो, असे ठामपणे सांगितले जाते. फझ फेस १ मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो. एवढ्याशा प्रवाहावर बॅटरीच्या जातीचा फरक फार उरत नाही, उरतो तो व्होल्टेजचा. ताजी अल्कलाइन ९.४ ते ९.६ व्होल्ट दाखवते, वापरलेली ८.५ च्या खाली जाते आणि तेवढ्याने बायस सरकतो. म्हणून जात कोणतीही घ्या, पण दोन्ही पेडलांत एकाच पाकिटातली घाला, मल्टिमीटरने मोजा आणि फरक ०.१ व्होल्टच्या आत ठेवा.

जर्मेनियमच्या बहुतेक जुन्या फझमध्ये पीएनपी जातीचे (उलट ध्रुवाचे) ट्रान्झिस्टर असतात आणि बॅटरीचे धन टोक जमिनीला, म्हणजे डब्याला, जोडलेले असते. आजच्या जवळपास सर्व पेडलांत याच्या उलट असते.

सावध: अशा पेडलाला इतर पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॅप्टरच्या साखळीवर जोडू नका. केबलच्या जाळीतून दोन विरुद्ध टोके एकत्र येतात आणि शॉर्ट होतो. अ‍ॅडॅप्टर जाईल किंवा पेडल. तुलनेच्या दिवशी दोन्ही बॅटरीवर चालवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

काही बुटीक पेडलांत व्होल्टेज उलटवणारी चिप बसवून साध्या अ‍ॅडॅप्टरची सोय केलेली असते. सोय चांगली आहे, पण पाठीमागून बारीक शिट्टी येते का ते शांत खोलीत ऐका. जुन्या बिग मफांवर अ‍ॅडॅप्टरसाठी ३.५ मिलिमीटरचे, हेडफोनसारखे भोक दिसते. त्यात आजची पिन बसत नाही आणि कन्व्हर्टर लावायचा तर ध्रुव मोजल्याशिवाय लावू नका.

अ‍ॅम्प भिंतीतल्या विजेवर असावा, इन्व्हर्टरवर नको. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट फझमधून मोठी होऊन ऐकू येते. जुन्या वाड्यांत अर्थिंग नसणे हेही नेहमीचे. गुणगुण येत असेल, तर आधी सॉकेट तपासून घ्या.

## ५. जोडणी : गिटार थेट फझमध्ये

गिटार, केबल, फझ, केबल, अ‍ॅम्प. मध्ये काहीही नको. ट्यूनर, वायरलेस, कम्प्रेसर, वाह सर्व बाजूला.

फझ फेस आणि दोन ट्रान्झिस्टरच्या टोन बेंडरचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) अवघा काही हजार ओहम असतो. पिकअपची गुंडाळी आणि फझचा पहिला ट्रान्झिस्टर मिळून एकच सर्किट बनते. गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की स्वर घंटेसारखा मोकळा होतो, तो या जोडीमुळे. मध्ये बफर (सिग्नल पुढे ढकलणारे छोटे सर्किट) आला की फझला गिटारऐवजी बफर दिसतो. स्वर टोकदार होतो, व्हॉल्यूम उतरवला तरी साफ होत नाही आणि निर्दोष पेडलावर ‘क्लीन होत नाही’ असा शिक्का बसतो. अ‍ॅक्टिव्ह पिकअप नको म्हटले ते याच कारणाने: त्यांच्यात बफर आतच असतो.

लूपरवर (वाजवलेले भरून पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलावर) एक तुकडा भरून तोच दोन्ही पेडलांना ऐकवण्याची युक्ती सुचते. बिग मफच्या घराण्यात ती चालते, त्याचा इनपुट बराच सोशिक असतो. फझ फेसच्या घराण्यात मात्र तिने फसगत होते. लूपरचे आउटपुट म्हणजेच बफर.

दोन्ही पेडल एकामागे एक जोडून एक बंद ठेवण्याचा मोहही टाळा. काही जुन्या पेडलांत बायपासमध्येही (फझ बंद असतानाही) सर्किटचा इनपुट गिटारला चिकटलेला राहतो आणि दुसऱ्या पेडलाचा स्वर मंदावतो. केबल काढून घाला. वीस सेकंद लागतात आणि मनात शंका राहत नाही.

तपासा: फझ बंद असताना दोन्ही पेडलांतून गिटार सारखीच उजळ ऐकू येते का? नसेल, तर कोणते पेडल बायपासमध्ये आवाज खाते ते वहीत लिहा. खरेदीच्या वेळी हा मुद्दा लागतो.

## ६. पातळी जुळवा, मगच ऐका

जास्त मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. हे सरावलेल्या कानांनाही चुकत नाही. बुटीक पेडले बहुधा मोठीच असतात. जर्मेनियमच्या मूळ फझ फेसमध्ये आउटपुट जिथून घेतात तिथे ४७० ओहमचा रेझिस्टर असतो, नवे कारागीर तिथे १ किलो-ओहम किंवा त्याहून मोठा घालतात. तेवढ्या एका बदलाने आवाज जवळपास दुप्पट व्होल्टेजने बाहेर येतो. त्याला ‘जास्त दमदार’ म्हणून टाकू नका.

1. दोन्हींवर फझचा नॉब पूर्ण, व्हॉल्यूम मध्यावर.
2. फोन अ‍ॅम्पपासून १ मीटरवर स्टुलावर ठेवा. मग हलवू नका.
3. खालच्या ई तारेवरचा पॉवर कॉर्ड एकसारख्या जोराने दहा वेळा मारा. सरासरी लिहा.
4. दुसऱ्या पेडलाचा व्हॉल्यूम फिरवून सरासरी १ डेसिबलच्या आत आणा.
5. नॉबची जागा चिकटपट्टीवर पेनाने खुणा करून ठेवा.

दोन्ही नॉब ‘बाराच्या काट्यावर’ ठेवणे म्हणजे सारखी सेटिंग नव्हे. पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) वेगळे, ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) वेगळा, रेझिस्टर वेगळे. आधी प्रत्येक पेडलाची त्याची स्वतःची सर्वांत चांगली जागा शोधा, बायसचा नॉब असेल तर तोही लावा, आणि मग पुन्हा पातळी जुळवा. नॉब हलला की पातळी परत मोजायची.

## ७. काय वाजवायचे आणि काय ऐकायचे

रोजची आवडती लिक वाजवू नका. बोटे नकळत पेडलाला सांभाळून घेतात. हाच क्रम दोन्हींवर:

अ. मोकळी ई तार, विझेपर्यंत. घड्याळ लावा. किती सेकंद टिकते त्यापेक्षा कशी संपते ते महत्त्वाचे. चांगल्या बायसवर ती विरत जाते. बायस सरकलेला असेल तर शेवटी फरफर होते आणि डब्यावर झाकण पडावे तशी तार एकदम गप्प होते. काहींना हाच तुटका आवाज हवा असतो. तो हवा म्हणून घेतला तर ठीक, पण उन्हामुळे आला असेल तर तो डिसेंबरात मिळणार नाही.

आ. पॉवर कॉर्ड, मग पूर्ण ई मेजर. मूळ आणि पंचम सर्व फझवर उभे राहतात. गंधार मिसळला की फझ गढूळ होतो. किती गढूळ, ते लिहा.

इ. गिटारचा व्हॉल्यूम १०, ८, ६, ४. ही परीक्षा सर्वांत सावकाश करा. एकच चार मात्रांचा तुकडा प्रत्येक जागी चार वेळा. १० वर भिंतीसारखा, ८ वर कडा दिसू लागतात, ६ वर तारेवरचा नखाचा स्पर्श ऐकू येतो. जर्मेनियमच्या चांगल्या फझ फेसमध्ये हा उतार सलग असतो. सिलिकॉनमध्ये बहुधा ७ च्या खाली झपकन बदल होतो. जुने आणि बुटीक यांतला खरा फरक जर कुठे सापडला, तर बहुधा इथेच सापडतो. बिग मफकडून मात्र याची अपेक्षा ठेवू नका, त्याचा तो स्वभाव नाही.

ई. नेक पिकअप, बाराव्या पट्टीच्या वर. वरचा स्वर गोल राहतो की पातळ होतो?

उ. दाबून तोडलेले जलद स्वर. दोन स्वरांमधली शांतता स्वच्छ आहे की मागे सळसळ भरते?

ऊ. काहीच न वाजवता अर्धा मिनिट. फुसफुस, गुणगुण, कधी रेडिओचे स्टेशन. एलईडी दिव्याचा ड्रायव्हर आणि फोनचा चार्जर बंद करून पुन्हा ऐका, मगच पेडलाला दोष द्या.

## ८. डोळ्यांआड ऐका

‘हे १९६८ चे आहे’ हे माहीत असले की ते जास्त ऊबदार ऐकू येते. म्हणून पाठ फिरवून बसा. मदतनीस नाणे उडवून पेडल निवडेल, ‘अ. मोकळी ई’ आणि ‘इ. व्हॉल्यूम’ एवढेच तुकडे वाजतील आणि तुम्ही जुने की नवे ते लिहाल. दहा फेऱ्या. गिटार मदतनीसाने वाजवली तर उत्तम, म्हणजे स्विचचा पायाला लागणारा फरकही कळत नाही. पेडल तेच राहिले तरी प्रत्येक फेरीला केबल काढून घालायची.

दहापैकी आठ किंवा जास्त बरोबर येणे नुसत्या नशिबाने शंभरात पाच-सहा वेळाच होते. तुमचे आठ आले तर फरक खरा आहे असे धरा. सहा आले, तर जुन्या पेडलाची वाढीव किंमत आवाजासाठी देऊ नका. जुनी वस्तू जवळ असण्याच्या आनंदासाठी द्यायची असेल तर जरूर द्या, पण वहीत तसे लिहून.

रेकॉर्डिंग करायचे तर फोनवर नको. फोन पातळी आपोआप वर-खाली करतो आणि जुळवलेले सर्व बिघडवतो. साधा ऑडिओ इंटरफेस आणि एक माइक पुरे.

## ९. जुने पेडल उघडून पाहा

विकणाऱ्याच्या समोर, त्याच्या परवानगीने. आधी बॅटरी काढा, आतला फोटो घ्या, मग पाहा.

- पॉटवरचे आकडे. अमेरिकी पॉटवर १३७ ने सुरू होणारा आकडा सीटीएस कंपनीचा, ३०४ ने सुरू होणारा स्टॅकपोल कंपनीचा. पुढचे चार आकडे वर्ष आणि आठवडा: १३७७४१२ म्हणजे १९७४ चा बारावा आठवडा. पेडल त्याच्या आधीचे असू शकत नाही, नंतरचे असू शकते.
- सोल्डर. जुने जोड मंद करडे दिसतात. एखादाच जोड चकचकीत असेल तर तो भाग बदललेला आहे. बदलणे हा दोष नाही, लपवणे हा दोष आहे.
- ट्रान्झिस्टरवरचा छाप. एनकेटी २७५ चा छाप नव्याने मारलेले ट्रान्झिस्टर बाजारात आहेत. अक्षरे पाहून पैसे देऊ नका, व्होल्टेज पाहून द्या.
- इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. पन्नास वर्षांत वाळतात. खालचे स्वर पोकळ वाटत असतील तर बहुधा हेच.

आता बॅटरी परत लावा आणि मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून फझ फेसच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मोजा. ४ ते ५ व्होल्टच्या दरम्यान आले तर बायस ठीक. पीएनपी पेडलात काळी पिन डब्याला लावली की आकडा उणे येतो, त्याला घाबरू नका. आकड्याशेजारी खोलीचे तापमान लिहा. तापमानाशिवाय तो आकडा अर्धाच आहे.

सावध: आत छोटा ट्रिमपॉट (स्क्रूने फिरवायचा पॉट) दिसला तर स्क्रू-ड्रायव्हर लावण्याआधी त्याची जागा मार्करने खूण करून ठेवा.

बुटीकवाल्याला तीन प्रश्न विचारा: ट्रान्झिस्टरचा गेन आणि गळती मोजली आहे का, किती तापमानाला, आणि बायसचा नॉब बाहेर आहे का. अ‍ॅनालॉगमॅनच्या सन फेस या बुटीक पेडलावर असा नॉब मिळतो. जो कारागीर गळतीचा आकडा देऊ शकतो, त्याने ट्रान्झिस्टर निवडून बसवलेला आहे असे समजायला हरकत नाही.

## १०. कशासाठी घ्यायचे ते ठरवा

घरी किंवा एसीच्या स्टुडिओत वाजवायचे, अंध चाचणीत फरक स्पष्ट कळला आणि दुरुस्ती करणारा माहीतला आहे: जुने घ्या. गणेशोत्सवाच्या मंडपात हॅलोजनखाली किंवा एप्रिलमधल्या कॉलेजच्या गच्चीवर वाजवायचे: बाहेर बायसचा नॉब असलेले जर्मेनियम बुटीक, नाहीतर सरळ सिलिकॉन. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि कर धरूनच किंमत तोला. परत पाठवताना ते पैसे सहसा मिळत नाहीत.

आणि घेतल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, एका भर दुपारी पंखा-एसी बंद करून खोली ३५ अंशांवर जाऊ द्या. पेडल तासभर तिथेच ठेवा. कलेक्टरवरचे व्होल्टेज पुन्हा मोजा, मोकळी ई तार पुन्हा विझेपर्यंत ऐका आणि दोन्ही नोंदी २४ अंशांच्या नोंदींशेजारी लिहा. बायसचा नॉब फिरवूनही स्वर तुटतच राहिला, तर पेडल त्याच आठवड्यात परत करा.